बरोबरीचं ताट : ल्योंमधल्या फ्रेंच घरात ओ-पेर म्हणून नऊ महिने

रानजाई

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं इथे फक्त वाचत आले. आज लिहायला बसले, कारण गेल्या पंधरा दिवसांत तिघींनी व्यनि (खासगी निरोप) करून एकच प्रश्न विचारला. "ओ-पेर म्हणजे तू त्या घरात नक्की कोण? कामवाली, पाहुणी की मुलगी?" तिघींना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते.

मी सोलापूरची. बी.कॉम. झाल्यावर पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले. वाचता-लिहिता यायला लागलं, पण समोरचा भरभर बोलायला लागला की दुसऱ्याच वाक्याला मी मागे पडायचे. विद्यार्थी म्हणून इकडे यायला साठवलेले पैसे पुरणार नव्हते. ओ-पेरमध्ये राहणं-जेवण त्या घरात, वर थोडा हातखर्च, त्याबदल्यात मुलं सांभाळायची. गेल्या सप्टेंबरात आले.

नियम आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फ्रान्समध्ये मार्च २०१९ पासून ओ-पेरसाठी वेगळा परवाना आहे. वय १८ ते ३०. आठवड्याला जास्तीत जास्त २५ तास काम, किमान एक पूर्ण दिवस सुट्टी, महिन्याला किमान ३२० युरो हातखर्च, स्वतःची खोली, आणि भाषेच्या वर्गाला जायला वेळ. परवाना वर्षाचा, एकदाच वाढवून मिळतो. काम म्हणजे मुलं आणि थोडं हलकं घरकाम. सगळ्या घराची इस्त्री त्यात येत नाही. 'ओ पेर' या शब्दांचा अर्थच 'बरोबरीने' असा आहे.

आमचं घर क्र्वा-रूसच्या टेकडीवर, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. छत इतकं उंच की पहिल्या रात्री झोपून वर बघताना देवळात झोपल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी घरातल्या बाबांनी सांगितलं की इथे पूर्वी रेशीम विणणारे कारागीर राहायचे आणि उंच माग मावावेत म्हणून छतं चार-चार मीटरची. कोणता माग, विचारलं, तर म्हणाले, जाकार! मी उडालेच. माझे वडील सोलापुरात चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या त्याच मागावर, आहेत. जेकार्ड हा माणूस होता, ल्योंचा होता, हे मला ठाऊक नव्हतं. टेकडीवरच्या चौकात त्याचा पुतळा आहे. रविवारी तिथून माझ्या बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जरा जवळ धर फोन. हात दिसू देत त्याचे."

मुलं दोन. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. आई डॉक्टर, बाबा इंजिनिअर. सकाळी सव्वासातला मी मुलांना उठवते. भांडंभर गरम चॉकलेट आणि लोणी-जॅम लावलेला पाव, त्याला तार्तीन म्हणतात. तार्तीन चॉकलेटात बुडवून खायचा. आमच्या घरी चहात खारी बुडवली की आत्या ओरडायची, इथे डॉक्टरीणबाई स्वतः बुडवतात. साडेआठला शाळा. मग मी टेकडी उतरून वर्गाला जाते. आठवड्यात तीन सकाळी वर्ग आहे. साडेचारला पुन्हा शाळेच्या दारात, हातात गूते, म्हणजे चारचा खाऊ. तो पिशवीतून विसरला तर धाकटा फाटकातच बसकण मारतो. मग बाग, आंघोळ, सूप गरम करणं. सातला आई-बाबा आले की माझं काम संपतं. साडेसातला सगळे जेवायला बसतो. बुधवारी माझ्या मुलांची शाळा सकाळचीच असते, तेव्हा दुपार माझ्याकडे. कित्येक गावांत तर बुधवारी शाळाच नसते, त्यामुळे ओ-पेर ठेवणाऱ्या घरांत बुधवारची गोष्ट आधी निघते.

धाकट्याचा दूदू आहे, एक विटका कापडी ससा. तो हरवला तर झोप नाही, जेवण नाही. पहिल्या महिन्यात तो ट्रॉलीबसमध्ये राहिला होता. मी रडकुंडीला आले. ड्रायव्हरने शेवटच्या थांब्यावरून परत आणून दिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी न अडखळता दहा वाक्यं सलग फ्रेंचमध्ये बोलले.

आकडे मात्र जीव खातात. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार वीस', सत्त्याण्णव म्हणजे 'चार वीस दहा सात'. वर्गात सगळे वैतागतात. मला आजी आठवली. ती बाजारात "चार विसा रुपये" म्हणायची. तिच्या आवाजात मनात म्हणून बघितलं तेव्हा ऐंशी एकदाचं बसलं.

आता अवघड भाग. इथे दर सहा-सात आठवड्यांनी मुलांना दोन आठवडे सुट्टी असते. ऑक्टोबरअखेर टूसाँची, म्हणजे सर्व संतांच्या सणाची, सुट्टी आली. आईला हॉस्पिटलची ड्यूटी, बाबा दौऱ्यावर. "आज जरा आठपर्यंत थांबशील?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशीही हो. त्यांनी रागाने कधीच सांगितलं नाही, उलट फार प्रेमाने विचारायचे, म्हणूनच नाही म्हणवत नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेआठला मुलं झोपली. भारतात एक वाजला होता, घरी सगळे झोपले होते. मी पणती न लावता झोपले.

त्या आठवड्यात मी वहीत तास लिहिले होते. एकोणचाळीस झाले. रविवारी दुपारी वही घेऊन आईसमोर बसले. काय बोलायचं ते आधी फ्रेंचमध्ये लिहून काढलं होतं, तरी आवाज थरथरत होता. म्हटलं, "मला मुलं आवडतात. पण हे पंचवीस नाहीत, आणि माझे दोन वर्ग बुडालेत." ती वही बघत राहिली. म्हणाली, "मी मोजलंच नव्हतं. मोजायला हवं होतं, चूक माझी." तेव्हापासून फ्रिजवर आठवड्याचा तक्ता असतो. सुट्टीत एक आठवडा मुलांची आजी येते.

८ डिसेंबरला ल्योंमध्ये प्रत्येक खिडकीत काचेच्या पेल्यांतून मेणबत्त्या लावतात, १८५२ पासूनची चाल आहे. त्या संध्याकाळी थोरलीने खिडकीतल्या दोन पेल्यांवर कागद चिकटवले होते. त्यावर लिहिलं होतं, 'दिवाळी'. स्पेलिंग तिने स्वतः ठरवलेलं.

विचारा काय विचारायचं ते.

---

गोदाकाठ

रानजाई, वाचताना दोनदा चष्मा पुसला. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, नाशिकला फ्रेंच शिकते आणि गेले तीन महिने घरात हाच विषय. तिच्या बाबांचं म्हणणं, अनोळखी घरात मुलगी ठेवायची कशी? माझं मन दोन्हीकडे ओढतं. तुझ्या आईने कसं मान्य केलं? आणि काही बरंवाईट झालं तर मुलीने कुणाकडे जायचं?

---

परखड_मत

लेख चांगला आहे, पण मनातलं बोलतो. पदवीधर मुलीने सातासमुद्रापार जाऊन दुसऱ्यांची मुलं धुवायची, यात अभिमान कसला? इथे तेच काम करणाऱ्या मावशींना आपण काय वागवतो ते सगळ्यांना माहीत आहे. फ्रेंच शिकायचं तर इंटरनेटवर शिका.

---

रानजाई

गोदाकाठ काकू, आईने मान्य केलं ते तिने स्वतः त्या घराशी बोलल्यावर. मी दुभाषी झाले होते. आईने तिकडच्या आईला एकच विचारलं, "ही आजारी पडली तर तिच्याजवळ कोण बसेल?" उत्तर ऐकून आई म्हणाली, जा. तुम्हीही व्हिडिओवर बोला, आणि त्यांच्याकडे आधी राहून गेलेल्या ओ-पेरचा नंबर मागा. देत नसतील तर पुढे जाऊ नका. सही केलेल्या कराराची प्रत घरी ठेवा. परतीच्या तिकिटाचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात असू देत, त्यांना हात लावायचा नाही. अडचणीला ११२ हा नंबर, वैद्यकीय मदतीला १५. पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाची ऑनलाइन नोंदणी तिने स्वतःच करावी, त्या कुटुंबावर सोडू नये.

परखड_मत दादा, तुमच्या मावशींबद्दलच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करतेय. आपण मावशींना वाईट वागवतो, म्हणून ते काम हलकं, असं कसं? हलकं आपलं वागणं आहे. माझी आई सोलापुरात पाळणाघर चालवते. चार वर्षांच्या मुलाला ताप भरलाय की तो नुसता रुसलाय हे तिला लांबून कळतं. ते शिकायला मला इथे चार महिने लागले. आणि हो, मी मुलांना आंघोळ घालते. लाज वाटत नाही.

---

तुती

मी पाच वर्षांपूर्वी जाऊन आले, आणि माझा अनुभव वेगळा आहे. तोही इथे असायला हवा म्हणून लिहिते. गाव आणि घर सांगणार नाही.

शहराबाहेरचं मोठं घर, तीन मुलं, बस दिवसातून दोनदा. करारात सगळं नीट लिहिलेलं होतं. पण बस नाही म्हणून वर्गाला जाता येत नव्हतं, आणि वर्गाला जात नाहीस तर दुपारी रिकामीच आहेस, मग इस्त्री कर, असं सुरू झालं. कुणी ओरडलं नाही. पाहुण्यांसमोर "ही आमच्या घरातलीच" म्हणायचे. पण मी मुलांबरोबर साडेसहाला स्वयंपाकघरात जेवायचे, आणि साडेआठला मोठ्यांचं टेबल मांडायचे. चार महिन्यांत त्या टेबलावर मी एकदाही बसले नाही. 'घरातलीच' या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला.

चौथ्या महिन्यात परत आले. घरी सांगितलं की हवा मानवली नाही. खरं कारण आज पहिल्यांदा लिहितेय.

जाणाऱ्या मुलींना एवढंच सांगेन, की मुलाखतीत तास, पैसे सगळ्याजणी विचारतात. तुम्ही हेही विचारा की रात्री जेवायला कोण कोण बसतं, आणि वर्गापर्यंत बस जाते का. रानजाईने वही समोर ठेवली, मी कधीच ठेवली नाही. मला वाटायचं, समोरच्याला कळेलच.

---

ओसरी

तुती बाळ, तुझं जेवणाचं वाचून वडिलांची आठवण आली. ते स्वातंत्र्याआधी कोकणातून पुण्याला शिकायला आले आणि वार लावून जेवले. नव्या मंडळींना माहीत नसेल. गरीब विद्यार्थ्याला सात घरं सात वार वाटून जेवू घालायची. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसरीकडे. त्याबदल्यात मुलगा देवपूजेची फुलं आणी, धाकट्या पोरांचा अभ्यास घेई, दळण आणी. कुणी ते लिहून ठेवलेलं नसे.

वडील ऐंशीव्या वर्षीही सातही घरं सांगायचे. जेवण काय होतं ते फारसं सांगत नसत. कुठे पाट घरच्यांच्या पंगतीत मांडला आणि कुठे मागच्या पडवीत, एवढंच सांगायचे. गुरुवारच्या घरातल्या आजी त्यांना आपल्या नातवाशेजारी बसवून वाढायच्या. त्या वारल्या तेव्हा वडिलांनी मुंडण केलं. शनिवारचं घर श्रीमंत होतं, तूप सढळ होतं. त्यांचं नावसुद्धा वडील घेत नसत.

हे फ्रेंच लोक त्याला 'बरोबरीने' म्हणतात, आणि तास कागदावर लिहितात. माझ्या वडिलांच्या वेळी असा कागद असता तर शनिवारच्या घरी त्यांनी किती दळणं आणली हे निदान त्यांना मोजता आलं असतं.

---

तुती

काका, काय लिहू. पडवी हाच शब्द मी शोधत होते.

---

सीनकाठ

आम्ही पॅरिसजवळ राहतो, दोघंही भारतीय पासपोर्टवर, घरात दोन लहान मुलं. हा धागा वाचून वाटलं, पुण्यातल्या भाचीला ओ-पेर म्हणून बोलवावं. तिचं फ्रेंच होईल, मुलांचं मराठी होईल. कुणी असं केलंय का?

जाता जाता, पॅरिसला कुणी मुलगी येणार असेल तर ऑगस्टअखेरीस ला शापेल भागातल्या तामिळ गणेश मंदिराची रथयात्रा चुकवू नका. रस्त्यात नारळांचे ढीग रचून फोडतात. पहिल्या वर्षी मी तिथे उभ्या उभ्या रडले होते.

---

रानजाई

सीनकाठ ताई, असं करता येत नाही, आणि दोन कारणांनी. यजमान कुटुंबाचं आणि ओ-पेरचं राष्ट्रीयत्व एक असून चालत नाही, आणि नातंही असून चालत नाही. भाचीला विद्यार्थी म्हणूनच येऊ द्या.

खरं सांगायचं तर माझ्या मते हा नियम बरोबर आहे. मावशीच्या घरी भाचीने तासांची वही कशी काढायची? मला परक्या बाईसमोर काढताना घाम फुटला होता.

---

खमंग

शाकाहारी मुलीचे हाल होतात का? अंडंही न खाणारी असेल तर?

---

रानजाई

हाल नाहीत, पण आधी स्पष्ट बोलावं लागतं. मी अंडं खाते, मांस-मासे नाही. २०१९ पासून शाळेच्या कांतीनमध्ये आठवड्यातून एकदा बिनमांसाचं जेवण सक्तीचं आहे, त्यामुळे मुलांनाही कल्पना नवीन नसते. चीज मात्र बघून घ्या. कोंतेसारख्या कित्येक जुन्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, वापरतात. कडक पाळणारीने पाकिटावर 'प्रेझ्युर', म्हणजे रेनेट, हा शब्द दिसला तर ते टाळावं. अंडं नको असेल तर जास्त कठीण, कारण केक, क्रेप, बरेचसे गोड पदार्थ अंड्याचेच.

मसूरडाळ साध्या दुकानात मिळते, 'लांती कोराय' नावाने. शुक्रवारी माझं वरण-भात असतं. धाकटा त्याला 'पिवळं सूप' म्हणतो आणि दोनदा घेतो. फेब्रुवारीत इथे ब्यून्य नावाचा पदार्थ सगळ्या बेकऱ्यांत येतो, मैद्याचे तळलेले तुकडे, वरून साखर. पहिला घास घेतला आणि म्हटलं, अरे, ही तर जरा फुगलेली शंकरपाळी! थोरलीला ते शब्द इतके आवडले की शाळेत मेत्रेसबाईंना, म्हणजे शिक्षिकेला, तिने 'शंकरपाळी' म्हणून शिकवलं.

---

परखड_मत

मी परत आलो. 'ओसरी' यांचं लिहिलेलं वाचलं. माझे आजोबाही वारावर जेवले होते, घरात तो विषय कुणी काढत नसे. माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता, मागे घेतो. एक प्रश्न विचारतो. मुलीला वर्षानंतर परत यायचं असेल तर या वर्षाचा उपयोग काय? पोरीचं एक वर्ष आहे शेवटी.

---

तुती

मी सांगते, चारच महिने राहिलेली. परत आल्यावर सहा महिन्यांनी फ्रेंचची परीक्षा दिली, बी-टू ही पातळी पास झाले. आता पुण्यात एका कंपनीत फ्रेंच ग्राहकांशी फोनवर बोलते. लहान मुलं व्याकरण दुरुस्त करत नाहीत, पण चुकीचं बोललं की तुमच्याकडे बघत राहतात. त्या बघण्याने जेवढं शिकले तेवढं पुस्तकाने नाही. पण केवळ नोकरीसाठी जाऊ नका. मुलं आवडत नसतील तर बुधवार फार लांब असतो.

---

रानजाई

तुती, तू लिहिलंस म्हणून धन्यवाद. तुझा प्रतिसाद मी इथल्या वर्गातल्या कोलंबियाच्या मैत्रिणीला फ्रेंचमध्ये सांगितला. तिच्याकडे आत्ता तेच चाललंय, आठवड्याला पस्तीस तास. काल तिने वही आणली.

परखड_मत दादा, माझं ठरलंय. सप्टेंबरपासून परवाना एक वर्ष वाढवून इथेच राहणार. तेच घर. यावेळी करार करताना टूसाँच्या सुट्टीचे तास वेगळे लिहून घेतले आणि लक्ष्मीपूजनाचा दिवस माझ्या सुट्टीत टाकला. मुलांची आई म्हणाली, "आम्हीही जेवायला थांबू का त्या दिवशी?" म्हणजे यंदा फराळ मला करायचाय, चकलीचा सोऱ्या मागवावा लागेल.

अजून एक. परवा थोरलीचा दात पडला. इथे दात उशीखाली ठेवतात आणि रात्री उंदीरमामा येऊन नाणं ठेवून जातो. मी सांगितलं, आमची आजी दात शेणात गुंडाळून कौलांवर फेकायला लावायची, आणि आमच्या गणपतीचं वाहनच उंदीर आहे. ती विचार करून म्हणाली, "म्हणजे तुमचा देव माझा दात घ्यायला येतो?" मला उत्तर सुचलं नाही. काकूंना सुचलं तर सांगा.

---

गोदाकाठ

सांग तिला, देव मोदक खाण्यात गुंतलेला असतो, म्हणून उंदराला पाठवतो.

काल आम्ही तिघं त्या घराशी व्हिडिओवर बोललो. नांतमधलं कुटुंब आहे, एकच मुलगा, पाच वर्षांचा. मी तुझ्या आईचा प्रश्न विचारला आणि तुतीचाही. जेवायला कोण कोण बसतं म्हटल्यावर त्या बाईंनी लॅपटॉप उचलून टेबल दाखवलं. चार खुर्च्या होत्या. मुलीच्या बाबांनी त्या मोजल्या, मी बघितलं. आधीच्या ओ-पेरचा नंबरही न मागता दिला, आज संध्याकाळी तिच्याशी बोलणार आहोत.

मुलगी बाजूला बसून विचारतेय, तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का? तिला भाकरीशिवाय राहवत नाही.

---

रानजाई

सेंद्रिय दुकानांत 'सोर्गो' नावाने मिळतं, पण महाग असतं आणि भाकरी नीट थापली जात नाही, कडा फाटतात. मी ल्योंमध्ये गियोतियेर भागातल्या दुकानांतून बाजरी आणते, नांतला काय मिळेल ते सीनकाठ ताई कुणाला तरी विचारून सांगतील. तोवर तिला आमच्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर द्या, काकू. वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात घट्ट बसवायची, म्हणजे मोडत नाही. महिनाभर सहज टिकते. पत्ता व्यनि करा, आईला सांगते, ती पाठवेल.